मिशनरी घराचा दिवस कसा जायचा? कुरुमान आणि कोलोबेंगच्या दोन घरांवरून समजून घेऊ

मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे ग्रुपवर दोनच प्रकारचे फॉरवर्ड फिरतात, एकात ते देवमाणूस असतात आणि दुसऱ्यात कारस्थानी, आणि दोन्हीत एक गोष्ट कधीच नसते ती म्हणजे घर. हे लोक बायकापोरांसकट आफ्रिकेच्या आडगावात वर्षानुवर्षं राहिले तर खायचे काय, पाणी कुठून आणायचे, पोरं कुठे शिकायची, पैसे कोण पाठवायचं, हे कुणी सांगतच नाही. मला विचाराल तर ते घर समजल्याशिवाय मिशन समजत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी घर हेच मिशन होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईला सोसायटीकडून वेगळा पगारही नसायचा.

म्हणून इथे एकाच नात्यातली दोन घरं घेतोय. पहिलं रॉबर्ट आणि मेरी मॉफट यांचं, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानचं. दुसरं त्यांची मुलगी मेरी आणि जावई डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं, आजच्या बोट्स्वानातल्या कोलोबेंगचं. आई आणि मुलगी दोघींचं नाव मेरी आहे, त्यामुळे पुढे आईला मेरी मॉफट म्हणू आणि मुलीला मेरी लिव्हिंग्स्टन.

आधी दोन शब्द समजून घेऊ

मिशनरी सोसायटी म्हणजे वर्गणीवर चालणारी संस्था. ही दोन्ही घरं लंडन मिशनरी सोसायटीची होती, म्हणजे ब्रिटनमधल्या चर्चमध्ये जाणारी साधी माणसं थोडे थोडे पैसे द्यायची, त्यातून या लोकांचा जहाजाचा खर्च आणि वर्षाचा पगार निघायचा. आणि मिशन स्टेशन म्हणजे नुसतं चर्च नाही, तर घर, शाळा, बाग, भाता, दवाखाना आणि प्रार्थनेची जागा असं सगळं मिळून उभं राहिलेलं ठिकाण. बस, एवढे दोन शब्द पुरे.

पाण्यावरून पहिलं भांडण

रॉबर्ट मॉफट मूळचा स्कॉटलंडचा माळी. १८१७ साली केप टाऊनला उतरला, दोन वर्षांनी मेरी स्मिथ इंग्लंडहून एकटी जहाजाने आली आणि १८१९ च्या डिसेंबरमध्ये तिथेच त्यांचं लग्न झालं. मग बैलगाडीने उत्तरेला, त्स्वाना लोकांच्या मुलखात. हा भाग कालाहारीच्या कडेला, पाऊस कमी आणि भरवशाचा नाही. तिथे त्यांनी नदीतून पाट काढला आणि भाजीपाला लावला, कारण माळ्याला दुसरं काय सुचणार. पण वरच्या अंगाला गावातल्या बायकांची शेतं होती आणि त्यांनाही पाणी हवंच होतं, त्यांनी पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलं. आपल्याकडे पाटाच्या शेपटाला ज्याचं रान आहे त्याला हे वेगळं सांगायला नको, वरचा पाणी सोडेल तेव्हा खालच्याचं भिजणार. मॉफट आणि त्याचा सोबती हॅमिल्टन उन्हातान्हात फावडं घेऊन पाट दुरुस्त करत वर जायचे, परत येईपर्यंत पुन्हा फुटलेला, आणि शेवटी तर बायकांनी बांधच फोडून टाकला. बागेचं वाळवण झालं आणि कपडे धुवायलाही पाणी राहिलं नाही.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण मिशनरी आला आणि लोक हात जोडून ऐकत बसले असं चित्र दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड रंगवतात, प्रत्यक्षात तो आधी पाण्यातला नवा भागीदार होता आणि लोकांनी त्याला त्याच नजरेने पाहिलं. तोडगा निघाला तो जागा बदलून. कुरुमानला जमिनीतून मोठा झरा फुटतो, रोज सुमारे २ कोटी लिटर पाणी, कोरड्या मुलखात हे म्हणजे सोनंच. १८२० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत मॉफट कुटुंब या झऱ्याच्या खालच्या बाजूला बस्तान बसवायला लागलं, तिथला पाट आणि फळबाग मग पुढे प्रसिद्ध झाली, आणि त्या काळातलं दगडी घर आजही उभं आहे.

घर म्हणजे कसलं घर

जाड भिंती, गवताने शाकारलेलं छप्पर, स्वयंपाक वेगळ्या झोपडीत. आणि जमीन शेणाने सारवलेली! मेरी मॉफट इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरातली, तिला आधी हे अजिबात पटलं नव्हतं, पण थोड्याच काळात तिने घरी पत्रात लिहून कळवलं की आठवड्यातून एकदा तरी सारवून घेते, याच्याइतकी धूळ दुसऱ्या कशाने बसत नाही आणि पिसवाही मरतात. तिने ते तिथल्या बायकांकडून उचललं होतं. शिकवायला आलेली बाई आधी शिकली, हे मला तिच्याबद्दल फार महत्त्वाचं वाटतं.

सामान आणायचं तर कित्येक आठवड्यांचा प्रवास. लिव्हिंग्स्टन १८४१ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा किनाऱ्यावरच्या पोर्ट एलिझाबेथहून कुरुमानला पोचायला त्याला दहा आठवडे लागले, २० मे ला निघाला तो ३१ जुलैला पोचला. त्यामुळे साखर संपली, सुई मोडली, औषध सांडलं की पुढची गाडी येईपर्यंत थांबायचं, आणि विलायतेच्या पत्राचं उत्तर महिनोन्महिने नाही.

कोलोबेंगचा एक दिवस

डेव्हिड आणि मेरीचं लग्न १८४५ च्या जानेवारीत कुरुमानला झालं. आधीच्या दोन जागा सोडून १८४७ मध्ये ते क्वेना लोकांच्या राजाबरोबर, सेचेलेबरोबर, कोलोबेंग नदीकाठी आले. तिथला दिनक्रम लिव्हिंग्स्टनने स्वतः लिहून ठेवलाय म्हणून आपल्याला तो बऱ्यापैकी माहीत आहे.

पहाटे उठायचं, घरातली प्रार्थना, सहा ते सातच्या दरम्यान न्याहारी, मग मोठी माणसं, बायका, पोरं सगळ्यांची शाळा अकरा वाजेपर्यंत. शाळा सुटली की साहेब लोहार, सुतार, माळी जे लागेल ते व्हायचे, आणि बाई घरातली कामं उरकायच्या. दुपारचं जेवण, तासभर विश्रांती, आणि लगेच मेरीची दुसरी शाळा सुरू, लहान मुलांची, तिला शंभराच्या आसपास पोरं यायची, अधूनमधून शिवणाचा वर्ग. संध्याकाळी लिव्हिंग्स्टन गावात फिरून कुणाशी देवाधर्मावर तर कुणाशी इकडचं तिकडचं बोलायचा, आठवड्यातल्या काही रात्री सभा. आजारी माणसं आली की तो डॉक्टर, कारण ग्लासगोत तो डॉक्टरकी शिकूनच आला होता.

आता "घरातली कामं" हे दोन शब्द जरा उलगडू, कारण खरा दिवस तिथेच जायचा. दळण घरी. पाव भाजायला भट्टी नाही तर वारूळ पोखरून त्यात जाळ करायचा, वारूळ तापलं की निखारे काढून कणीक आत ठेवायची आणि तोंडाला दगडाची फरशी लावायची. लोणी घरचं, बरणीत घुसळून. मेणबत्त्या चरबीच्या, साच्यात ओतून. साबण करायला चरबीत राखेचा खार लागतो, पण तिकडच्या लाकडाच्या राखेत खार इतका कमी की नवं नवं राखेचं पाणी घालून महिना ते दीड महिना उकळत ठेवावं लागायचं तेव्हा कुठे साबण धरायचा. दीड महिना चूल, एका साबणासाठी! विटा पाडणं, भिंत उचलणं, दारं-खिडक्या, हे लिव्हिंग्स्टनकडे. दुष्काळात मांस मिळेना तेव्हा शेजारी खायचे तेच यांनीही खाल्लं, टोळ मधाबरोबर, मोठ्या जातीचे बेडूक, अळ्या. पोरांना बेडूक तर आवडायचे म्हणे.

पैसे किती मिळायचे?

"परदेशी पैसा" हा आक्षेप पहिला येतो म्हणून तो आधी घेऊ. पैसा परदेशी होताच, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण लिव्हिंग्स्टन कुटुंबाला वर्षाला १०० पौंड होते, त्यात घर, गाडी, बैल, औषधं आणि सगळ्या मुलांचं भागवायचं, आणि दुष्काळात धान्य लांबून आणायचं म्हणजे ते पैसे पुरायचे नाहीत. बाग, शिकार आणि हाताने केलेल्या वस्तू यावरच घर तगायचं. श्रीमंत होण्यासाठी कुणी कोलोबेंगला गेलं नसतं. पण तिथल्या शेजाऱ्यांच्या मानाने बंदूक, लोखंड, कापड, गाडी असलेलं ते घर श्रीमंतच होतं, आणि लोक येताना धर्माइतकेच या वस्तूंसाठीही यायचे, हेही तितकंच खरं.

मग सगळं त्यांनी एकट्यानेच केलं का?

नाही, आणि इथेच जुन्या चरित्रांचा मला राग येतो. माबोत्साला, म्हणजे कोलोबेंगच्या आधीच्या एका जागी, १८४४ मध्ये सिंहाने लिव्हिंग्स्टनचा दंड फोडला तेव्हा बंदूक घेऊन पुढे झाला तो मेबाल्वे नावाचा तिथलाच ख्रिस्ती शिक्षक, सिंहाने त्यालाही फाडलं. लिव्हिंग्स्टन वाचला तो या माणसामुळे. कोलोबेंगची शाळा सेचेलेने स्वतःच्या माणसांकडून बांधून घेतली. पाणी भरणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या, दळणाला हात लावणाऱ्या मुली प्रत्येक स्टेशनवर होत्या आणि त्यांची नावं बहुतेक कुठेच नाहीत. भाषेचंही तेच. मॉफटने त्स्वाना भाषेत बायबल आणलं, लूकचं शुभवर्तमान १८३० ला, नवा करार १८४० ला आणि जुना करार १८५७ ला पुरा झाला, त्यासाठी १८३१ मध्ये बैलगाडीवर लादून छापखाना कुरुमानला आणला. पण प्रत्येक शब्द त्याला कुणीतरी त्स्वाना माणसानेच शिकवला होता ना.

हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच ना?

हो. आणि ते लपवतही नव्हते. पण हिशेब बघा. मॉफट दांपत्य आलं १८२०-२१ च्या सुमाराला, कुरुमानला पहिले बाप्तिस्मे झाले १८२९ मध्ये. मधली सगळी वर्षं शून्य. एका मैत्रिणीने इंग्लंडहून विचारलं की काय पाठवू, तर मेरी मॉफटने प्रभुभोजनाची, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्यांनी चर्चमध्ये मिळून घ्यायच्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीची, भांडी मागवली, तेव्हा भोजनाला बसणारं एक माणूस नव्हतं. भांडी पोचली ती नेमकी पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी.

कोलोबेंगला गोष्ट जास्त गुंतागुंतीची झाली. सेचेले हुशार माणूस, वाचायला भराभर शिकला, आणि १८४८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पण त्याच्या पाच बायका होत्या आणि मिशनच्या नियमाने एकच चालणार, म्हणून त्याने चौघींना नवे कपडे आणि त्यांचं सामान देऊन माहेरी पाठवलं. विचार करा त्या बायकांचा, त्यांच्या आईबापांचा. शाळेत येणारी उत्तम विद्यार्थी मंडळी यांतच होती आणि त्यांचेच नातेवाईक मग मिशनच्या विरोधात गेले, आणि माझ्या मते ते चुकले नाहीत. पुढे त्यातल्याच एकीला सेचेलेपासून दिवस गेले आणि लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. एका घराला आदर्श म्हणून उभं करताना दुसरं घर मोडलं, ही जबाबदारी मिशनला झटकता येणार नाही.

त्यात दुष्काळ. सेचेले आधी पाऊस पाडणारा वैदू होता, बाप्तिस्म्यानंतर त्याने ते सोडलं, आणि पाऊस गेलाच. लोक लिव्हिंग्स्टनला अगदी गोडीत विनवायचे की बाबा, राजाला थोडा पाऊस तेवढा पाडू दे, मग आम्ही सगळे शाळेत येऊ आणि म्हणशील तितका वेळ प्रार्थना करू. त्यांच्या बाजूने हे अगदी सरळ तर्कशुद्ध होतं.

पोरांचं काय झालं?

या विषयातला मला सगळ्यात जड जाणारा भाग हा. मिशनरी पोरं दोन भाषांत वाढायची, खेळगडी त्स्वाना, आणि तिकडच्या रीतीने मेरीला सगळे मा-रॉबर्ट म्हणायचे, थोरल्या मुलाच्या नावावरून. पण शाळेचं वय झालं की पोरांना दूर पाठवायची प्रथा. मॉफट मुलांना शेकडो मैलांवरच्या शाळेत ठेवलं होतं, आईबाप वर्षानुवर्षं भेटायचे नाहीत.

लिव्हिंग्स्टनला उत्तरेकडे नवे मार्ग शोधायचे होते आणि त्याने गरोदर बायको आणि लहान मुलं बैलगाडीत घालून कालाहारी ओलांडली. १८५० च्या त्या प्रवासात पोरांना ताप आला, परतल्यावर मेरीला मुलगी झाली, एलिझाबेथ, ती सहा आठवड्यांत गेली, आणि मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू काही काळ लुळी पडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, मेरी पुन्हा गरोदर. सासूने जावयाला पत्रातून चांगलंच सुनावलं, एक मूल गेलं, बाकीची कशीबशी वाचली आणि तू पुन्हा तिला नेतोयस, जग काय म्हणेल. तो तरीही गेला. वाटेत पाणी संपलं, पोरं तहानेने रडत होती आणि आई एक शब्द बोलली नाही असं त्यानेच लिहिलंय. त्या वर्षीचं मूल वाटेतच नदीकाठी जन्मलं.

१८५२ मध्ये त्याने मेरीला आणि चार मुलांना केप टाऊनहून ब्रिटनच्या जहाजात बसवलं. तिचा जन्म आफ्रिकेतला, सवयी तिथल्या, आणि तिकडे तिला ना घर ना पैसा, चार वर्षं या गावातून त्या गावात काढली. त्याच वर्षी बोअर लोकांनी, म्हणजे तिकडे वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी, क्वेनांवर हल्ला केला, गावातल्या बायका-मुलांना पकडून नेलं आणि कोलोबेंगचं घर लुटलं, पुस्तकं फाडली, औषधाच्या बाटल्या फोडल्या. थोरला रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात सामील झाला आणि १८६४ मध्ये कैदेत मेला. मेरी स्वतः १८६२ च्या एप्रिलमध्ये झांबेझीकाठी शुपांगाला तापाने गेली. नंतर लिव्हिंग्स्टनने लिहून ठेवलंय की मुलांबरोबर खेळायला वेळ काढला नाही याची खंत राहिली, दिवसाच्या कामाने संध्याकाळी अंगात त्राणच उरायचं नाही.

कुरुमान तगलं आणि बाकीची घरं का संपली?

याचं उत्तर बरंचसं मलेरियात आहे. कुरुमान उंचावर आणि कोरडं, डास कमी. केनियाच्या किनाऱ्यावर मिशनरी योहान क्राप्फची बायको रोझीन १८४४ मध्ये मोम्बासाला बाळंतपणानंतर तापाने गेली, मागोमाग तान्ही मुलगीही. १८६० मध्ये हेलमोर आणि प्राइस ही दोन कुटुंबं उत्तरेच्या लिन्यांटीच्या दलदलीत गेली, तर काही महिन्यांत हेलमोर नवराबायको, त्यांची काही मुलं, प्राइसची बायको आणि बाळ सगळे गेले. ताप डासामुळे होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला ते शोधलं १८९७ मध्ये. क्विनाईन होतं, लिव्हिंग्स्टनने त्याच्या स्वतःच्या गोळ्या बनवल्या होत्या, पण मात्रा आणि वेळ चुकली की उपयोग नाही.

आपल्या नाशिकचा यात काय संबंध?

आहे, आणि फारसा कुणाला माहीत नाही. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जायची, त्यातली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, कुणी लोहार झालं कुणी सुतार. १८६६ च्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत नाशिकची अशी ९ मुलं होती. नंतर मदतीला आलेल्यांत जेकब वेनराइट होता, १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना यानेच वाचली. आणि १८७५ मध्ये मोम्बासाजवळ फ्रीअरटाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने, तिथे शिक्षक, कारागीर म्हणून नाशिकला वाढलेली ही कुटुंबं गेली. त्यातला विल्यम जोन्स १८८५ मध्ये पाद्री झाला. म्हणजे आफ्रिकेतली मिशनरी कुटुंबं नेहमी गोरीच होती असं नाही.

मिशनरी आले आणि मागून साम्राज्य आलं, हे खरं का?

काही ठिकाणी अगदी एकाच घरातून आलं. मॉफटचा मुलगा जॉन स्मिथ मॉफट १८५९ मध्ये आजच्या झिंबाब्वेत एन्देबेले लोकांत मिशनरी म्हणून गेला, आणि तोच नंतर ब्रिटिश सरकारचा अधिकारी झाला आणि १८८८ मध्ये त्याने राजा लोबेंगुलाकडून तह करून घेतला, ज्याने पुढच्या ताब्याचा रस्ता मोकळा झाला. वडिलांची त्या राजघराण्याशी जुनी मैत्री होती, तिचाच उपयोग झाला. दुसरीकडे सेचेलेसारखा माणूस, ज्याला मिशनरीने शिक्षा केली तो मिशनरी निघून गेल्यावर स्वतःच लोकांना वाचायला शिकवत आणि प्रवचन करत राहिला. बोट्स्वानात ख्रिस्ती धर्म रुजला त्यात लिव्हिंग्स्टनपेक्षा सेचेलेचा वाटा मोठा असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं.

आज काय चित्र आहे?

वारुळातला पाव गेला, छपरावर सोलर पॅनल आणि खिशात मोबाईल आला, डासांसाठी मच्छरदाणी आणि गोळ्या आहेत. काम बहुतेक दवाखाना, शाळा, भाषांतर, शेती असं असतं, आणि रस्ता नाही तिथे मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या संस्थांची छोटी विमानं पेशंट आणि औषधं नेतात. पैशाची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही, आता अनेक कुटुंबांना आपली वर्गणी स्वतःच चर्चमध्ये फिरून जमवावी लागते आणि दर काही वर्षांनी मायदेशी जाऊन देणगीदारांना भेटावं लागतं. पोरांसाठी केनियात किजाबेला १९०६ पासून निवासी शाळा आहे, काही जण घरीच शिकवतात. आणि येणारे आता फक्त ब्रिटन-अमेरिकेचे नाहीत, कोरियाचे आहेत, ब्राझीलचे आहेत, नायजेरियाचे तर स्वतःच दुसऱ्या देशांत जातात. बाईच्या नावाने वेगळं पद आणि वेगळी जबाबदारी देणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत, मेरी मॉफटला कुरुमानमध्ये पन्नास वर्षं काढून ते मिळालं नव्हतं. १८७० मध्ये दोघं म्हातारे होऊन ब्रिटनला परतले आणि काही महिन्यांतच, १८७१ च्या जानेवारीत, ती गेली.